निळ्या पिकअपचा खोटारडा मीटर

दारव्ह्यात बाबारावांची पिकअप ओळखायला नंबर पाहावा लागत नाही. तालुक्यात निळ्या गाड्या पुष्कळ असतील, पण इतकी निळी दुसरी नाही. बोनेट निळं, टपाच्या काड्या निळ्या, चाकांच्या वाट्या निळ्या, सीटखालची हत्यारांची पेटीसुद्धा निळी. जीपच्या नाकाची ही जुन्या घडणीची गाडी. तशी आता कोणी बनवत नाही आणि बनवली तरी कोणी घेणार नाही. बाबारावांना मात्र आजकालच्या चकचकीत पांढऱ्या गाड्या म्हणजे औषधाच्या डब्या वाटतात, आणि हे ते त्या गाड्यांच्या मालकांना तोंडावर सांगतात.

बाबाराव मूळचे पेंटर. पाट्या लिहिणारे पेंटर, भिंती रंगवणारे नव्हेत. हा फरक कोणी विसरलं की त्यांना मिरच्या झोंबतात. एके काळी बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. उकंडा पेंटर नावाच्या म्हाताऱ्या उस्तादाकडे ते हे काम शिकले. उस्ताद पाटीची मागची बाजूही रंगवून घ्यायचे. भिंतीला टेकणारी बाजू कोण पाहणार आहे, असं गिऱ्हाईक म्हणालं की उस्तादांचं उत्तर ठरलेलं असे, "जे दिसते ते कोनीबी रंगवते. जे दिसत नाही तेबी जो रंगवते, तो पेंटर." बाबारावांनी हे वाक्य पदराला बांधलं ते कायमचं.

मग फ्लेक्स आले. पाट्या छापून मिळू लागल्या, गॉगल लावलेले वाढदिवसाचे चेहरे चौकाचौकात झळकले आणि बाबारावांचे ब्रश सुकत पडले. पण ते कपाळाला हात लावून बसणाऱ्यांतले नव्हते. एका ठेकेदाराच्या अंगणात गंजत पडलेली पिकअप त्यांनी घेतली, इंजिन दुरुस्त करून घेतलं आणि भाजीवाल्यांना, बांगडीवाल्यांना, चिवडेवाल्यांना आठवडी बाजाराला पोचवायचा धंदा धरला. आज या गावचा बाजार, उद्या त्या गावचा. हातातला ब्रश मात्र सुटला नाही. पाट्या गेल्या, तर सगळा रंग गाडीवर निघू लागला.

दरवर्षी चौदा एप्रिलच्या आधी गाडीला रंगाचा नवा हात द्यायचा, हा त्यांचा नेम. नुसता वरवर नाही. दिवे काढायचे, नंबरप्लेटा काढायच्या, डॅशबोर्डावरचा मीटर सोडवून बाजूला ठेवायचा आणि त्याच्या मागचा पत्रासुद्धा रंगवायचा. मथुराबाई, म्हणजे त्यांची बायको, दरवर्षी म्हणायच्या, "अवो, तेथं काय उंदरं पाहाले येनार हायेत का तुमचा रंग?" बाबाराव तोवर ब्रश बुडवून पुढचा हात मारत. उस्तादांचं वाक्य बायकोला सांगून उपयोग नसतो, हे त्यांना लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं.

हा नेम चौदा एप्रिलच्या आधीचाच, कारण जयंतीची मिरवणूक या गाडीची होती. हौद्यात बांबूचा सांगाडा उभारून रथ करायचा, त्यात बाबासाहेबांची मोठी तसबीर आणि बुद्धमूर्ती ठेवायची, आणि साऱ्या दारव्ह्यातून पायी चालणाऱ्या माणसाच्या चालीनं विहारापर्यंत न्यायचं. गाडी घेतली त्या वर्षापासून हा मान बाबारावांचा होता. त्या दिवशी पांढरा शर्ट, पांढरी पँट, गळ्यात निळा रुमाल घालून ते स्टेअरिंगवर बसले, की सख्ख्या मेव्हण्यालाही ओळख देत नसत. बाजाराच्या दिवशी वांग्याच्या पोत्यांवरून भाजीवाल्यांशी हुज्जत घालणारा तो हाच माणूस, हे नव्या माणसाला पटलं नसतं.

आता त्या मीटरचं. पिकअपचा मीटर म्हणजे एक गोल डबी. तीत इंजिन किती तापलं ते सांगणारा एक काटा, टाकीत डिझेल किती ते सांगणारा दुसरा, आणि मधे वेगाचा. काही वर्षांपूर्वी या मीटरला येड लागलं. सकाळी थंडगार गाडीला चावी दिली, की तापण्याचा काटा थेट लाल खुणेवर जाऊन बसायचा आणि रिकाम्या टाकीला डिझेलचा काटा भरलेली म्हणायचा. बाबारावांनी थोडे दिवस सोसलं. मग एके दिवशी त्याच्या वायरी उपटल्या आणि जाहीर केलं, "हा मीटर खोटारडा हाय. मले याची गरजच नाही. इंजिन तापलं का ते मले कानानं समजते."

आणि ते खरं होतं. इंजिनचा आवाज जरा जड झाला, की बाबारावांचा पाय आपोआप सैल व्हायचा. ते गाडी सावलीला घेत, बिडी ओढत आणि बिडी संपेपर्यंत इंजिन निवलेलं असे. बाजारच्या वाटेवर हा कान कधी चुकला नाही. मिरवणुकीतही नाही, कारण तेव्हा मिरवणुकीत ढोल आणि लेझीम असे, आणि त्याच्या आडून इंजिन ऐकू येई.

गेल्या वर्षी पोरांनी डीजे आणला. रथाच्या मागेच दोन मजली भोंगे आणि त्यांचा जनरेटर. छातीच्या फासळ्या हलाव्यात असा आवाज. बाबारावांना इंजिन तर सोडाच, स्वतःचा हॉर्न ऐकू येईना. तरी ते बसले ताठ. नाल्याच्या पुलानंतरच्या चढावर, जिथं सगळ्यात जास्त गर्दी असते तिथंच, बोनेटमधून वाफेचा लोट उठला आणि रथाच्या पुढच्या हारांवर गरम पाणी उडालं. गाडी बंद पडली ती पडलीच. पोरांनी ढकलून पाहिलं. शेवटी तसबीर आणि मूर्ती खाली उतरवून एका ट्रॅक्टरवर ठेवाव्या लागल्या. मिरवणूक पुढे गेली आणि बाबाराव तिच्या मागून पायी चालत विहारापर्यंत गेले. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी जयंतीची खीर तोंडात घातली नाही.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. या वर्षी फेब्रुवारीत विहारात बैठक भरली, तेव्हा जयंती समितीचा सचिव राजदीप उभा राहिला. पोरगा नीट बोलणारा, मोठ्यांना मान देणारा. तो म्हणाला, "काका, तुमच्यावर राग नाही कोनाचा. पन तसबीर रस्त्यात उतरवा लागली, ते आता पुन्यांदा नाही झालं पायजे. औंदा मोठा ट्रक आनू."

सगळ्यांनी माना हलवल्या.  ही गाडी मिरवणुकीतून गेली, की उरलं काय? वांग्याची पोती. बाबाराव उभे राहिले आणि म्हणाले, "माया कान गेला नाही. डीजेनं मारला. मी मीटर बसवतो. काटा डोयानं दिसते, त्याले भोंगे काय करतीन?"

राजदीपनं इकडंतिकडं पाहिलं. मग ठरलं असं, की रथाचा सांगाडा बांधायला पोरं येतील त्या दिवशी मीटर बरोबर चालताना दिसला, तर रथ पिकअपवर. नाही तर ट्रक.

एवढ्या जुन्या गाडीचा मीटर दुकानात मिळतो थोडाच. यवतमाळच्या स्पेअरपार्टवाल्यानं नुसतं गाडीचं नाव ऐकूनच हात जोडले. मग चिवडेवाल्या लालीबाईनं सांगितलं, की मारेगावकडे किसनराव नावाच्या कास्तकाराच्या शेतात अशीच एक गाडी कधीची उभी आहे. बाबाराव दुसऱ्याच दिवशी निघाले.

किसनरावांच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, ती गाडी होती खरी. चाकं मातीत रुतलेली, आणि सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. बाबाराव सरळ म्हणाले, "भाऊ, मले हिचा मीटर पायजे. जयंतीच्या रथाले लावाचा हाय."

किसनरावांनी पाहुण्याला निरखून पाहिलं. "त्या कोंबडीले इचारा. सध्या गाडी तिच्या ताब्यात हाय."

कोंबडीनं बाबारावांच्या मनगटावर दोनदा चोच मारली, पण मीटर सुटला. काच शाबूत, काटे शाबूत. मोबदला म्हणून किसनरावांनी एवढंच मागितलं, की पेंटर आहात तर माझ्या छकड्यावर नाव काढून द्या. बाबारावांनी तिथंच डबा उघडला आणि छकड्याच्या मागच्या फळीवर असं नाव काढलं, की किसनराव म्हणाले, "आता बैलं मांगं तोंड करून चालतीन." छकड्याची आतली बाजूही रंगवून देतो म्हणत होते बाबाराव, पण उन्हं कलली होती.

मार्चअखेर बाबारावांनी नेमानं गाडी रंगवली. मीटरच्या मागचा पत्राही रंगवला, या वर्षी तर जरा जास्तच मायेनं, कारण नवा पाहुणा येणार होता. रंग खडखडीत वाळू दिला. मग बॅटरीची वायर सोडून त्यांनी जुन्या मीटरच्या जागी किसनरावांचा बसवला, तो पत्र्याला धरून ठेवणारी पट्टी मागून घालून नट आवळले, वायरी रंग पाहून जागच्या जागी जोडल्या. फडक्यानं काच पुसली. बॅटरी जोडली आणि चावी फिरवली.

तापण्याचा काटा उठला आणि थेट लाल खुणेवर जाऊन बसला. डिझेलचा काटाही त्याच्या पाठोपाठ टोकाला गेला. गाडी सकाळपासून सुरूच झालेली नव्हती आणि टाकीत डिझेल फक्त तळाशी होतं.

बाबारावांनी चावी बंद केली, पुन्हा दिली. तेच. वायरी सोडल्या, पुन्हा जोडल्या. तेच. ते खाली उतरले आणि ओट्यावर जाऊन बसले. मथुराबाई तांदूळ निवडत होत्या.

"काय झालं?"

"हाबी खोटारडाच निघाला. त्या किसनरावाच्या कोंबडीनं बसून बसून नासवला असन."

"मंग उर्वशीले बलवा."

"तिले कायले? ते पंपाच्या मोटारी भरते. हे गाडीचं काम हाय."

उर्वशी ही त्यांची मुलगी. शेतातल्या पंपाच्या जळलेल्या मोटारी तिच्याकडे येतात. जुनी तांब्याची तार उचकून नवी गुंडाळायची, याला मोटार भरणं म्हणतात. बाजाराच्या कोपऱ्यावर तिचं दुकान आहे, आणि साऱ्या बाजारात हातानं लिहिलेली एकच पाटी उरली आहे ती त्याच दुकानाची. ती बाबारावांनीच लिहिली होती, मागच्या बाजूच्या रंगासकट. चार माणसांत ते लेकीचं कौतुकही करत. पण आपल्या गाडीला मात्र त्यांनी तिला कधी हात लावू दिला नव्हता. लहानपणी तिनं घरातला रेडिओ उघडून त्याचे तुकडे चादरीवर मांडले होते, हे बाबाराव विसरले नव्हते.

सांगाडा बांधायला पोरं दुसऱ्या दिवशी येणार होती. मथुराबाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, सूप खाली ठेवलं आणि स्वतःच फोन लावला.

उर्वशी आली ती दुकानातल्याच कपड्यांवर, हाताला वार्निशचा वास. बापाकडे परवानगी मागायच्या भानगडीत ती पडली नाही. चावी दिली, काटे पाहिले.

"जुना मीटर असाच करे ना, बाबा?"

"असाच. दोघंबी खोटारडे."

उर्वशीनं चावी बंद केली. मग म्हणाली, "एक मीटर दारव्ह्याचा, एक मारेगावचा. एकमेकाले भेटले नाही कधी. दोन मीटर एकच खोटं कसे बोलतीन? खोटं गाडी बोलून राह्यली."

बाबाराव ताडकन उठले. गाडीला कोणी खोटं म्हणावं, तेही घरच्यानं. पण उर्वशीनं तोवर पिशवीतून वायरीचा तुकडा काढला होता. एक टोक तिनं मीटरच्या पाठीला धरलं, दुसरं बोनेटमधून नेऊन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला टेकवलं. "आता द्या चावी."

बाबारावांनी चावी दिली. लाल खुणेवर जायला निघालेला काटा परत फिरला आणि थंड खुणेवर शांत बसला. डिझेलचा काटा तळाला उतरला. दोन्ही काटे अगदी खरं बोलत होते.

"मीटर चांगला हाय. त्याले अर्थिंग नाही भेटत," उर्वशी म्हणाली. "पट्टी लोखंडी पत्र्याले टेकली, का करंट परत जाते. आता पट्टी कायले टेकून राह्यली पाहा." तिनं बॅटरी सोडवून मीटर पुन्हा बाहेर काढला आणि डॅशबोर्डातल्या भोकाच्या कडेवर नख मारलं. नख घसरलं. तिथं लोखंड नव्हतंच. तिथं रंग होता, वर्षावर्षाचा, पापुद्र्यावर पापुद्रा.

"आमच्या मोटारीच्या ताराले वरून असाच लेप असते," ती म्हणाली. "टोकाचा लेप खरवडल्याबिगर जोड देला, का मोटार उठत नाही. इथं तं तुमी वरीस-वरीस लेप चढवला."

बाबारावांना आधी कळलं नाही. मग हळूहळू सगळं कळलं. जुना मीटर कधीच खोटं बोलला नव्हता. दरवर्षी त्याच्या मागचा पत्रा आपणच रंगवला, एका वर्षी रंग इतका जाड झाला की त्याचा जीव गेला, आणि वर आपणच त्याला खोटारडा म्हणून त्याच्या वायरी उपटल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. गेल्या वर्षी चढावर ती वाफ निघाली, तसबीर रस्त्यात उतरवावी लागली, तेही आपल्याच ब्रशामुळं. गाडीवर जीव टाकला आणि त्याच जिवानं तिला आंधळी केली. त्यांना फार वाईट वाटलं, आणि तेवढंच वाईट याचं वाटलं की हे लेकीसमोर झालं.

"खरवडा लागन," उर्वशी म्हणाली.

"वायर लाव एखांदी," बाबाराव पुटपुटले. "आता केली तशी. रंग नको काढू."

"बोनेटातून एवढी लंबी वायर हादऱ्यानं कवा तुटन सांगता येत नाही. नेमकी चढावर तुटली मंग? आन् जवळ कोठी जोडतो म्हनान, तं तुमच्या गाडीत उघडं लोखंड हाय कोठी?"

बाबाराव गाडीच्या दाराला टेकून उभे राहिले. मथुराबाई सूप बाजूला सारून गाडीपाशी आल्या. "काहून अडून बसले?"

"त्यात एक हात तुया हाय," बाबाराव खाली पाहत म्हणाले.

ते खरं होतं. ज्या वर्षी हाताचं हाड मोडून बाबाराव घरी बसले, त्या वर्षी गाडी मथुराबाईंनी रंगवली होती. बाजूला बसून बाबाराव सारखे चुका काढत होते. दुकानदारानं निळ्याऐवजी जरा हिरवट डबा दिला होता आणि मथुराबाईंना तो फरक कळला नव्हता. पुढच्या वर्षी बाबारावांनी त्यावर लगेच दुसरा हात मारला, पण तो हिरवट निळा खाली आहे हे ते कधी विसरले नाहीत. हे त्यांनी बायकोला कधी सांगितलं नव्हतं.

मथुराबाईंनी पदरानं तोंड पुसलं.  मग म्हणाल्या, "रंग लावाले मी मांगं नाही हटली, तं काढाले तुमी कायले हटता? रुपयाएवढं तं खरवडाचं हाय. गाडीभर बाकीचा तसाच राह्यते ना माया?"

बाबारावांनी हत्यारांच्या पेटीतून पातं काढलं. उर्वशीनं हात पुढे केला, पण त्यांनी मान हलवली. खरवडायचं तर ते स्वतःच. ब्रश धरणारा हात होता, पातंही तसंच धरलं, हलकं आणि बेतानं. वरचा गडद निळा निघाला, त्याखाली जरा फिका, त्याखाली अजून एक. मधेच एका ठिकाणी हिरवट कड दिसली.

"हा माया," मथुराबाई वाकून म्हणाल्या.

"हो. तुया."

त्याखाली आणखी निळे होते, आणि सगळ्यांत तळाशी पांढरं, चमकणारं लोखंड. उर्वशीनं मीटर लावला, पट्टी घातली, नट आवळला. चावी दिली, तर काटे दोन्ही जागेवर. इंजिन सुरू केलं, तशी थोड्या वेळानं तापण्याची सुई हळूहळू वर सरकली आणि मधोमध येऊन थांबली. बाबाराव तिच्याकडे पाहतच राहिले. वायरी उपटल्यापासून इंजिनला त्यांनी नुसतं ऐकलं होतं, पाहिलं ते आज.

दुसऱ्या दिवशी राजदीप पोरांना घेऊन आला. त्यानं काटा पाहिला, चावी स्वतः फिरवून पाहिली, गाडी एक फेरी मारून आणायला लावली. मग हसून पोरांना म्हणाला, "बांबू काढा रे." सांगाडा पिकअपवर चढला. जुना मीटर बाबारावांनी फडक्यानं स्वच्छ पुसला आणि घरात रेडिओशेजारी मानानं मांडून ठेवला. त्याची माफी त्यांनी मागितली की नाही, हे मथुराबाईंना ठाऊक असेल.

संध्याकाळी पांढऱ्या रंगाचा डबा आणि बारीक ब्रश घेऊन ते गाडीच्या मागे बराच वेळ बसले होते. काय करून राहिलात, असं मथुराबाईंनी विचारलं, तर म्हणाले, "अक्षराले हात देतो."

चौदा एप्रिलला उन्हाचा कहर होता. रथ सजला, मागच्या फळीवरून झेंडूच्या माळा सोडल्या, पुढे लेझीमच्या मुली आणि मागे डीजे, कारण पोरं काही डीजे सोडणार नव्हती. बाबाराव पांढऱ्या कपड्यांत ताठ बसले. मेव्हण्यानं हात केला, त्यांनी पाहिलं नाही. उर्वशी आणि मथुराबाई पांढरी लुगडी नेसून बायांच्या रांगेत चालत होत्या. चौकाचौकात लोक रथावर फुलं टाकत होते आणि काटा मधोमध होता.

नाल्याचा पूल आला. चढ लागला. गर्दी घट्ट झाली आणि गाडी मुंगीच्या पावलानं चालू लागली. कानात फक्त भोंगे. बाबारावांनी काट्यावरची नजर काढली नाही. काटा मध्यापासून हलला. थोडा वर आला, आणखी थोडा. लाल खूण अजून लांब होती. जुने बाबाराव असते तर म्हणाले असते, निघू पुढे, एवढ्या लोकांत कोण थांबते? गेल्या वर्षी इथंच सगळ्यांनी आपल्याकडे पाहिलं होतं. आता थांबलं, तर आज पुन्हा पाहतील.

त्यांनी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि हँडब्रेक ओढला.

मिरवणुकीतून एक कण्हल्यासारखा आवाज उठला. डीजे बंद पडला. "गेली काय?" कोणीतरी म्हणालं. कोणी मोबाईल काढून ट्रॅक्टरवाल्याचा नंबर शोधू लागलं. राजदीप गर्दी सारत धावत आला, चेहरा उतरलेला. "काका?"

बाबारावांनी बोटानं काटा दाखवला. "गाडी गेली नाही. दमली. ते म्हनते थांब, तं मी थांबलो. पोरीयले सांग, तवर लेझीम खेळा. बोनेट उघड."

राजदीपनं काट्याकडे पाहिलं आणि मग बाबारावांकडे. तो मागे वळून ओरडला, की रथ विश्रांती घेतो आहे, जागा करा. गर्दी मागे सरली, चढावरच रिंगण झालं. डीजे गप्प होता म्हणून पुष्कळ दिवसांनी लेझमीचा छनछनाट साऱ्या रस्त्याला ऐकू आला. म्हाताऱ्या बायाही टाळ्या धरू लागल्या. बोनेटमधून गरम हवा निघाली, वाफ नाही. तसबीर जिथं होती तिथंच होती, तिच्यावर पाण्याचा थेंब उडाला नाही.

काटा हळूहळू खाली आला. बाबारावांनी चावी दिली, इंजिन पहिल्याच झटक्याला उठलं, आणि निळी पिकअप चढ चढून गेली. वर पोचल्यावर लोकांनी जयघोष केला तो दरवर्षीचाच होता, पण बाबारावांना तो आपल्या गाडीसाठीही वाटला, आणि वाटू नये असं काही नव्हतं.

विहारापुढे रथ थांबला. तसबीर आणि मूर्ती मानानं आत गेल्या. वंदना झाली. मग पोरं सांगाडा सोडू लागली. माळा निघाल्या, तशी मागची फळी उघडी पडली. तिच्या कोपऱ्यात दरवर्षीप्रमाणे बारीक अक्षरांत होतं, 'पेंटर : बाबाराव'. आणि त्याच्या खाली, त्याच उंचीच्या, जराही लहान नसलेल्या अक्षरांत, 'मीटर : उर्वशी'.

उर्वशी तिथंच उभी राहिली. तिनं ते दोनदा वाचलं. बाबाराव गळ्यातला रुमाल सोडत येऊन तिच्या शेजारी उभे राहिले.

"हे कवा लिवलं, बाबा?"

"सांगाडा बांधला त्या संध्याकायी."

"म्हंजे मिरवनुकीच्या आधी? आन् चढावर गाडी बंद पडली असती तं? साऱ्या दारव्ह्यानं माहं नाव वाचलं असतं."

बाबारावांनी अक्षरांकडे पाहिलं. एका वेलांटीचं टोक त्यांना जरा जाड वाटलं, पण ते चालण्यासारखं होतं.

"ऑइलपेंट हाय तो, बाई," ते म्हणाले. "पुसाच्या हिशोबानं मी कवाच लिवलं नाही."

उर्वशीनं आपल्या नावावरून एकदा बोट फिरवलं. मथुराबाई हातात डबा घेऊन येत होत्या. त्यात जयंतीची खीर होती. बाबारावांनी झाकण काढलं आणि घरी जाण्याची वाट न पाहता, गाडीला पाठ टेकून, उभ्यानंच खायला सुरुवात केली.